मातृदुग्ध काढण्याची साधने : हात, हातपंप आणि विजेवरील पंप यांच्या निवडीचा ऐतिहासिक विचार (अहमदनगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) हा महाराष्ट्रातील अग्रगण्य दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक होय. येथील गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाते, त्याचे फॅट व एसएनएफ नोंदविले जाते आणि दशांशाच्या फरकावरून वाद होतात. मातेच्या दुधाचा असा हिशेब कोणी ठेवत नाही. त्याची गरजही सहसा पडत नाही, कारण बाळ स्वतःच ते घेते. मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला ओढता येत नसेल किंवा आईला कामावर परतावे लागत असेल, तर दूध काढावे लागते आणि ते कशाने काढावे हा प्रश्न उभा राहतो. औषधाच्या दुकानात या प्रश्नाला दोनच उत्तरे मिळतात : हाताने चालविण्याचा पंप किंवा विजेवरील पंप. (या जिल्ह्यात 'हातपंप' म्हटले की बोअर आणि 'वीजपंप' म्हटले की विहिरीवरील मोटार डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत निबंधात हे शब्द स्तनपंपाच्या अर्थाने योजिले आहेत.)

ही दोन साधने एकाच गरजेतून जन्मलेली नाहीत. त्यांचा इतिहास वेगवेगळा असल्यामुळे केवळ किंमत व वेग यांवरून केलेली तुलना अपुरी ठरते. शिवाय त्या तुलनेतून स्त्रीचा स्वतःचा हात हे तिसरे साधन गळून पडते.

परंपरेतील दूध काढणे

दूध काढण्याचे ज्ञान भारतीय परंपरेला नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळाला पाजण्यापूर्वी थोडे दूध वाहू द्यावे असे सुचविले आहे. भरून दाटलेल्या स्तनातून तसेच पाजल्यास बाळाला खोकला, श्वास व वांती होते, असे त्याचे कारण दिले आहे. आईचे दूध न मिळाल्यास दूधआईचा मार्ग होता. सईबाईंची प्रकृती ठीक नसल्यामुळे संभाजीराजांना दूध पाजण्यासाठी कापूरव्होळच्या धाराऊ गाडे यांना आणण्यात आले, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. अशा व्यवस्थेत दूध भांड्यात साठविण्याचा प्रसंगच येत नसे, कारण एका स्त्रीची जागा दुसरी स्त्री घेत असे.

या परंपरेला एक काळी बाजूही होती. अनेक घरांत पहिले दोन-तीन दिवस मातेचे चिकाचे दूध पिळून टाकून देत. गाईच्या चिकाचा खरवस मात्र त्याच घरात आवडीने खाल्ला जाई. म्हणजे हाताने दूध काढण्याचे कौशल्य होते, पण त्याचा उपयोग बाळाचे सर्वांत मोलाचे दूध फेकण्यासाठी होत होता.

दोन यंत्रे, दोन उगम

अमेरिकेत स्तनपंपाचे पेटंट 1854 मध्ये ओ. एच. नीडहॅम यांना मिळाले. त्यानंतर काचेचे भांडे आणि रबरी फुगा असलेला साधा पंप औषधविक्रेत्यांमार्फत जगभर पसरला. हे साधन मुख्यतः दाटलेला स्तन मोकळा करण्यासाठी होते. बाळ घरातच असे, व्यवस्थित पीत असे आणि आईला तात्पुरता आराम हवा असे. रबरी फुग्यात दूध शिरले की तो आतून स्वच्छ करणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे बाळाला पाजण्याचे दूध त्यातून काढू नये, असे डॉक्टर पुढे सांगू लागले. आजचे तरफेचे प्लास्टिकचे हातपंप सुटे करून धुता येतात. ही सुधारणा लहान दिसली तरी महत्त्वाची आहे.

विजेवरील पंपाची वाट निराळी आहे. प्रसिद्ध बुद्धिबळपटू एडवर्ड लास्कर यांनी 1920 च्या दशकात असे यंत्र तयार केले. पुढे स्वीडनचे अभियंते आयनार एग्नेल यांनी ओढ किती असावी व ती केव्हा सोडावी याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि आपले निष्कर्ष 1956 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या यंत्राला या कामात साहाय्य करणाऱ्या परिचारिका सिस्टर माया यांचे नाव मिळाले. यंत्रांच्या इतिहासात परिचारिकेचे नाव असे क्वचितच टिकते. हा पंप रुग्णालयाचा होता. ज्या बाळाला ओढता येत नाही त्याच्या आईसाठी तो होता, आणि एकाच यंत्रावर अनेक माता आळीपाळीने दूध काढत.

1990 च्या दशकात हे यंत्र आकाराने लहान होऊन घरात आले आणि त्याची मोठी बाजारपेठ अमेरिकेत तयार झाली. तेथे 1993 च्या कायद्याने दिलेली रजा फक्त बारा आठवड्यांची व बिनपगारी होती. तान्हे बाळ घरी ठेवून कामावर गेलेल्या स्त्रीला पंप अपरिहार्य झाला. रजेची उणीव यंत्राने भरून काढली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. आपल्याकडील दुकानांत आलेला घरगुती वीजपंप हा या तिसऱ्या गरजेचा वारस आहे.

शीव येथील प्रयोग

महाराष्ट्रात या विषयाला संस्थात्मक रूप मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात मिळाले. धारावीसारख्या वस्तीतील माता येथे प्रसूत होतात. नवजात शिशु विभागात जंतुसंसर्गाने बालके दगावतात आणि वरच्या दुधाचा त्यात वाटा आहे, हे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या लक्षात आले. त्यांनी मातांना विभागात आणले, बाळाच्या शुश्रूषेत सहभागी केले आणि आईच्या दुधावर भर दिला. याच प्रयत्नांतून 27 नोव्हेंबर 1989 रोजी तेथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. व्हिएन्नातील पहिल्या पेढीनंतर (1909) तब्बल ऐंशी वर्षांनी हे घडले. दात्या मातांचे दूध 62.5 अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून गोठवून ठेवण्याची पद्धत अशा पेढ्यांत वापरली जाते.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब क्रमाची आहे. शीवला आधी माता विभागात आली, तिला दूध काढण्यास शिकविणारी माणसे उभी राहिली आणि मग पेढी व तिची उपकरणे आली. 1991 मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेने आणि त्यानंतरच्या 1992 च्या कायद्याने डब्यातील दूध व दूधबाटली यांच्या जाहिरातीला आळा घातला. पंप हा त्या कायद्याचा विषय नाही. तथापि पंपाच्या खोक्यातून बाटली व बूच घरात येते, हेही नजरेआड करता येत नाही. काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते हे त्या खोक्यावर सहसा लिहिलेले नसते.

संशोधन काय सांगते

दूध पंपाच्या ओढीने येत नाही, ते पान्ह्याने येते. पान्हा फुटला नाही तर महागडे यंत्रही कोरडेच चालते. बाळाचा सहवास, हलके मर्दन, ऊब आणि निवांतपणा यांचा परिणाम म्हणूनच कोणत्याही साधनाइतका मोठा असतो. विविध पद्धतींची तुलना करणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानेही कमी खर्चाचे असे उपाय मोठ्या वीजपंपाइतके परिणामकारक ठरू शकतात, असेच नोंदविले आहे.

दोन अभ्यास परस्परविरोधी वाटतात, पण तसे ते नाहीत. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या, पण नीट न पिणाऱ्या बाळांच्या 68 माता होत्या. हाताने दूध काढणाऱ्यांपैकी 96.1 टक्के माता दोन महिन्यांनंतरही स्तनपान करीत होत्या, तर वीजपंप वापरणाऱ्यांत हे प्रमाण 72.7 टक्के होते. याउलट केनिया व नायजेरियातील 2007 च्या अभ्यासात बाळे ओढू न शकणारी, बहुतांशी अपुऱ्या दिवसांची होती. तेथे वीजपंपाने दिवसाला सरासरी 578 मिलिलिटर, पायाने चालविण्याच्या पंपाने 463, तर हाताने 323 मिलिलिटर दूध मिळाले. पहिल्या अभ्यासात बाळ आईजवळ होते व पुढे स्वतः पिणार होते. दुसऱ्यात आईला आठवडेच्या आठवडे, दिवसरात्र मिळून आठ वेळा दूध काढून पुरवठा टिकवायचा होता. ज्या बाळाला ओढता येत नाही त्याच्या आईला वीजपंप नाकारणे म्हणून अन्यायाचे होईल. इतर बहुतेकींच्या बाबतीत तो सोयीचा प्रश्न आहे.

आफ्रिकेतील पायपंपाचा आकडा आपल्याकडे अधिक लक्षात राहावयास हवा होता. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रामीण महाराष्ट्र दिवसातील कित्येक तास भारनियमनात होता. त्या काळात विजेची वाट न पाहणारे साधन येथे कोणालाही का सुचले नाही, याचे नवल वाटते.

जिल्ह्यातील तीन स्त्रिया

पहिली स्त्री प्राध्यापिका वा शिक्षिका. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवडे झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. तेथे आईला दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आहे. रजा संपून ही स्त्री रुजू होते तेव्हा बाळ वरचे अन्न सुरू करण्याच्या वयाचे असते. दोन तासिकांच्या मधल्या वेळेत तिला आवाज न करणारा, पर्समध्ये मावणारा हातपंप पुरतो. वेळ अगदीच थोडा असेल तर दोन्ही बाजूंचे दूध एकदम काढणारा वीजपंप उपयोगी पडतो. पण काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास टिकते आणि नगरचा एप्रिल चाळिशीजवळ जातो. यंत्र कोणते, यापेक्षा दार बंद होणारी खोली आणि शीतकपाट आहे की नाही, हा प्रश्न मोठा आहे. एसटी स्थानकांवर हिरकणीच्या नावाने कक्ष उभे राहिले. स्टाफरूमला मात्र अजून असे नाव सुचलेले नाही.

दुसरी स्त्री नवजात शिशु कक्षाबाहेर बसलेली. केंद्र शासनाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी दुग्धपेढीसह मोठी केंद्रे, आईचे दूध तिच्याच बाळासाठी साठविणारे विभाग आणि प्रसूतीच्या सर्व ठिकाणी साहाय्य अशी रचना सुचविली आहे. या स्त्रीचा वीजपंप रुग्णालयाच्या मालकीचा असावयास हवा. तो विकत आणण्याचा भार ओल्या बाळंतिणीच्या घरच्यांवर टाकणे म्हणजे एग्नेल यांच्या यंत्राचा मूळ हेतूच उलटा करणे होय.

तिसरी स्त्री पाथर्डी, शेवगाव किंवा जामखेडची ऊसतोड कामगार. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि बाळंतपण हंगामाच्या मध्ये आले तरी तोड थांबत नाही. पाळणाघराचा कायदा तिच्या फडापर्यंत पोहोचत नाही. तिच्या संदर्भात जामखेडचे स्मरण होते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तेथे काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहावयास तयार नव्हत्या, तेव्हा त्यांनी अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांनाच ग्राम आरोग्य सेविका केले. जे ज्ञान दवाखान्यात अडकले होते ते स्त्रीच्या हातात गेले. हाताने दूध काढणे हेही त्याच जातीचे ज्ञान आहे. अंगठा व तर्जनी बोंडाच्या मागे तीन-चार सेंटिमीटरवर ठेवायची, छातीच्या दिशेने दाबायचे, मग चिमटीत धरून सोडायचे आणि बोटांची जागा बदलत जायची. हे दाखविण्यास दहा मिनिटे लागतात, परंतु शेजारी बसून दाखवावे लागते.

पंप, हातचा असो वा विजेचा, प्रत्येक वापरानंतर धुवावा लागतो आणि त्याचे भाग उकळावे लागतात. ऊसतोडीला निघण्यासाठी कोपीत पहाटे तीनला उठणारी बाई आधी चूल पेटवते ती भाकरीसाठी. पाणी दूरच्या टाकीवरून आणलेले असते. त्या पाण्यात हात स्वच्छ धुता येतात. पंपाचे पाच-सहा भाग उकळण्यासाठी दुसरे भांडे चुलीवर चढवायचे झाल्यास भाकरी थांबते, आणि बाहेर ट्रॅक्टर थांबत नाही.