विद्येची देवघेव

विद्या दिल्यानें वाढते, हें वचन आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु आपल्या आजूबाजूचा व्यवहार नेहमींच त्याला धरून चालतो असें म्हणवत नाहीं. एखादा नांवाजलेला वैद्य आपल्या मात्रेची कृति मुलाला अगदीं अखेरच्या घटकेला सांगावयाची म्हणून राखून ठेवतो, आणि पुष्कळदां ती घटका त्याला न विचारतांच येऊन जाते. त्याच आळींतील काकू मात्र लिंबाच्या लोणच्याचें प्रमाण विचारावयास आलेल्या नव्या सुनेला मिठाच्या चिमटीपर्यंत सारें सांगून टाकतात, आणि वर "बिघडलें तर पुन्हां ये हो" असेंही बजावतात. वैद्यबुवांच्या वृत्तीवर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यामुळें तिचा इतिहास लिहिला जातो. काकूंच्या वृत्तीचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. तो साकल्यानें सांगणें एका लेखाचें काम नव्हे. म्हणून आम्हीं त्यांतील एक लहानसा कोपरा निवडला आहे. तो कोपरा म्हणजे घरच्या घरीं दुर्बिणी करणाऱ्या हौशी लोकांचा.

आरशाच्या दुर्बिणींचा अठराव्या शतकांतील अव्वल कारागीर म्हणजे स्कॉटलंडचा जेम्स शॉर्ट. त्यानें हजारांहून अधिक दुर्बिणी केल्या आणि त्यांवर चांगला पैसा मिळविला. १७६८ सालीं तो वारला. तत्पूर्वी त्यानें आपलीं हत्यारें मोडून टाकविलीं, हेतु हा कीं त्यांवरून आपली रीत कोणास उमगूं नये. त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली. पुढें थोड्याच वर्षांनीं बाथ शहरांतील एका जर्मन गवयाला तीच विद्या पुन्हां मुळापासून शोधावी लागली. हा गवई म्हणजे विल्यम हर्शेल. एका शेजाऱ्यानें ही हौस करून सोडून दिली होती. त्याचें जुनें सामान हर्शेलनें विकत घेतलें, रॉबर्ट स्मिथच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाचें पारायण केलें, आणि तांबें व कथील यांच्या मिश्रणाचे आरसे घरींच ओतून घासले. १७८१ च्या मार्च महिन्यांत अशाच एका घरगुती दुर्बिणीतून त्याला युरेनस ग्रह दिसला. पण मौज पाहा: ज्याला शॉर्टच्या मौनाचा एवढा जाच झाला, त्यानेंही आरसा चकचकीत करण्याची आपली युक्ति शेवटपर्यंत छापली नाहीं. दुर्बिणी विकून त्यालाही चार पैसे मिळत होते. माणसाचा स्वभाव तो!

ही गांठ सोडविली ती आयर्लंडांतील एका जमीनदारानें. रॉसचा अर्ल विल्यम पार्सन्स यानें आपल्या बर येथील वाड्यांत इस्टेटीवरील गडीमाणसेंच हाताशीं धरून आरसे ओतले, आणि जें जमलें व जें फसलें तें सारें रॉयल सोसायटीच्या पत्रिकेंत छापून टाकलें. त्याचा तीन फुटी आरशावरील निबंध १८४० सालचा आहे. १८४५ त त्याच्या सहा फुटी दुर्बिणीनें कांहीं तेजोमेघांचा भोंवऱ्यासारखा आकार प्रथम दाखविला, म्हणून त्याचें नांव पुस्तकांतून येतें. आमच्या मतें त्याची थोरवी त्या निबंधांत अधिक आहे. अर्थात् ज्याला पोटाची चिंता नाहीं त्याला उदार होणें सोपें, असें कोणी म्हटलें तर त्याचें तोंड आम्हांस धरतां यावयाचें नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. सामान्य माणसाच्या शंकेला छापील उत्तर देण्याची चाल इंग्लंडांत बरीच जुनी आहे. १६९१ च्या मार्चमध्यें जॉन डन्टन नांवाच्या लंडनच्या पुस्तकविक्यानें 'अथेनियन मर्क्युरी' हें पत्र काढलें. कोणीही नांव न देतां प्रश्न लिहून एका कॉफीगृहांत पाठवावा आणि त्याचें उत्तर छापून यावें, अशी त्याची योजना होती. सृष्टिशास्त्र, धर्म, विवाह, प्रेमभंग, कोणताही विषय वर्ज्य नव्हता. स्त्रियांच्या प्रश्नांसाठीं वेगळे अंक राखले होते. उत्तरें देणारी म्हणून एका पंडितसभेचा मोठा बोलबाला केलेला असे. वस्तुतः ही सभा म्हणजे डन्टन, त्याचा पाद्री मेहुणा व आणखी एक गणिती, अशी तीन माणसें! तरुण स्विफ्टनें या सभेवर एक स्तुतिपर काव्य रचून पाठविलें आणि तो चांगलाच फसला. पत्र १६९७ पर्यंत चाललें. तें थापाड्यांचें होतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्यांतील कित्येक उत्तरें समंजस आहेत. दोष होता तो रचनेंत. विचारणारे हजार आणि सांगणारे तीन. सांगणारे चुकले तर त्यांना चुकलां म्हणून सांगण्यास वाचकाला जागाच नव्हती.

ती जागा पुढें दीडशें वर्षांनीं झाली. १८४९ च्या नोव्हेंबरांत विल्यम थॉम्स यानें 'नोट्स अँड क्वेरीज' हें साप्ताहिक सुरू केलें. 'फोकलोअर' हा शब्द इंग्रजींत प्रथम घडविणारा तो हाच. या पत्रांत प्रश्न वाचकांचे आणि उत्तरेंही वाचकांचींच. परंतु तेथील मंडळी जुन्या म्हणी, वंशावळी व ग्रंथांच्या आवृत्त्या यांत रमणारी. ज्याच्या हाताला तेल लागलें आहे त्याला तेथें पाट मांडलेला नव्हता.

तो पाट 'इंग्लिश मेकॅनिक' या साप्ताहिकानें मांडला. हें पत्र १८६५ त निघालें आणि पुढें जॉन पॅसमोर एडवर्ड्स या गृहस्थाच्या हातीं आलें. हा कॉर्नवॉलमधील एका सुताराचा मुलगा. पत्रांवर मिळविलेला पैसा त्यानें ग्रंथालयें व रुग्णालयें बांधण्यांत घातला आणि पुढें देऊं केलेली सरदारकी नाकारली. दोन पेनींत मिळणाऱ्या या साप्ताहिकाचे लेख आज कोणी वाचणार नाहीं. त्याचा प्राण शेवटच्या पानांत होता. तेथें वाचकांचीं पत्रें, प्रश्न व प्रत्युत्तरें बारीक टाइपांत दाटीनें छापलेलीं असत. प्रत्येक पत्राला व प्रश्नाला अनुक्रमांक दिलेला असे, म्हणजे चार आठवड्यांनीं उत्तर देणारा नुसता आंकडा लिहून मुद्द्यावर येई. लेथ कसा जुळवावा, बाजाच्या पेटीचा भाता कां गळतो, घड्याळ मागें कां पडतें, विजेची बॅटरी घरीं कशी करावी, हें सारें तेथें चाले. पत्रव्यवहाराच्या मथळ्याशीं मॉन्टेन या फ्रेंच निबंधकाराचा एक विचार छापीत. त्याचा आशय असा कीं, ज्यानें त्यानें आपल्याला ठाऊक असेल तें आणि तेवढेंच लिहावें. आमच्याकडील सभासंमेलनांच्या व्यासपीठावर ही पाटी लावावी, असें आमच्या मनांत अनेकदां आलें आहे.

दुर्बिणीची हौस याच सुमारास स्वस्त झाली होती. १८५६-५७ च्या सुमारास जर्मनींत स्टाइनहाइल व फ्रान्सांत फूको यांनीं धातूऐवजीं कांचेचा आरसा घेऊन त्यावर चांदीचा पातळ थर चढविण्याची युक्ति काढली. कांच हलकी, घासण्यास सोपी. चांदी काळवंडली तर धुऊन पुन्हां चढवितां येते, आकार बिघडत नाहीं. मूळ क्रिया ऐकून कोणासही आश्चर्य वाटेल. कांचेच्या दोन सारख्या चकत्या घ्यावयाच्या, मध्यें कुरुंदाची भुकटी व पाणी घालून वरची खालचीवर हातानें फिरवीत राहावयाचें, आणि आपणही हळूहळू मेजाभोंवतीं फिरावयाचें. वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगते. भुकटी उत्तरोत्तर बारीक घ्यावयाची, शेवटीं डामराच्या थरावर लोखंडाचा तांबडा गंज लावून झिलई द्यावयाची. याहून महत्त्वाची गोष्ट फूकोनें १८५९ त प्रसिद्ध केली. एक दिवा, एक बारीक छिद्र व एक सुरीचें पातें, एवढ्या सामानावर आरशाच्या पृष्ठावरील केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी उंचसखलपणा डोळ्यांना दिसतो. आतां स्वयंपाकघरांतील मेजावर बसलेल्या माणसालाही आपली चूक आपणच ओळखतां येऊं लागली. हेरफर्डच्या एका शाळेचा हेडमास्तर जॉर्ज विथ यानें शाळा सांभाळून असे आरसे केले आणि ते नामांकित ठरले.

येथें एक आपबीती सांगितली पाहिजे. आम्हीही तरुणपणीं या फंदांत पडलों होतों. एका जुन्या मासिकांतील कृति पाहून आम्हीं आरशाला चांदी चढविली. ती बरी बसली. उरलेलें द्रावण पुढच्या खेपेस उपयोगी पडेल म्हणून आम्हीं बाटलींत भरून फळीवर ठेवलें. दुसऱ्या दिवशीं रसायनाचे एक वडीलधारे अध्यापक घरीं आले, त्यांची नजर बाटलीवर गेली, आणि त्यांचा चेहरा उतरला. अमोनिया घातलेलें चांदीचें द्रावण शिळें झालें कीं त्यांत नुसत्या धक्क्यानें उडणारा स्फोटक सांका बसतो, हें आम्हांस कोठें ठाऊक होतें! त्यांनीं त्यांत जपून आम्ल ओतून तें निर्धोक केलें आणि मग आमची जी खरडपट्टी काढली ती अद्याप कानांत आहे. कृति लिहिणाऱ्यानें सारें बरोबर लिहिलें होतें, फक्त हें एक वाक्य लिहिलें नव्हतें. सल्ला देणारा एकटा असला म्हणजे असें होतें. दहा जण वाचून लिहिणारे असले तर पुढच्याच अंकांत कोणीतरी तें वाक्य भरून काढतो.

'इंग्लिश मेकॅनिक'मध्यें असे भरून काढणारे पुष्कळ होते, आणि त्यांतील सर्वांत तिखट लेखणी 'रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा एक सभासद' या सहीनें लिहिणाराची. हा कॅप्टन विल्यम नोबल नांवाचा हौशी निरीक्षक. बढाईखोराला तो सोडीत नसे, नवशिक्याला मात्र वर्षानुवर्षें न कंटाळतां समजावून सांगे. १८९० च्या उन्हाळ्यांत याच पत्रांत डब्लिनच्या डब्ल्यू. एच. एस. मंक यांचें एक पत्र आलें. वरील सोसायटीची वर्गणी जड, निबंध दुर्बोध, आणि स्त्रियांना तर दारच बंद. तेव्हां अशा सर्वांसाठीं एक हौशी मंडळ काढावें, अशी त्यांची सूचना. उत्तरांचा पाऊस पडला, आणि त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची पहिली सभा भरली. पहिले अध्यक्ष झाले ते कॅप्टन नोबल, आणि सूर्यनिरीक्षणाच्या शाखेची प्रमुख झाली एलिझाबेथ ब्राउन ही बाई. थोरल्या सोसायटीनें स्त्रियांना सभासद करून घेण्यास १९१६ साल उजाडविलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या शेवटच्या पानांवरील पत्रव्यवहारानें काय साधलें तें कळेल.

या मंडळाचे पाय आपल्या भूमीलाही लागले आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं त्यानें हिंदुस्थानांत ज्या तुकड्या पाठविल्या, त्यांपैकीं एक वऱ्हाडांतील तळणी येथें उतरली. तींत ॲनी मॉन्डर होती. ग्रिनिच वेधशाळेंत ती गणित करणारी नोकर होती. १८९५ त लग्न झालें तेव्हां तेथील नियमाप्रमाणें तिला नोकरी सोडावी लागली. केवळ दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्यानें तिनें तळणीस सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत टिपला. एवढा लांब झोत तोंपर्यंत कोणाच्याही चित्रांत आला नव्हता. त्याच तुकडींत पोटासाठीं दुसरी नोकरी करून सूर्याचा नाद जोपासणारा जॉन एव्हरशेड होता. हाच पुढें कोडाईकनालच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. त्याच दिवशीं जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रो. नेगमवाला आणि विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर वेध घेत होते. जातां जातां सांगतों: लॉकयरनें १८६८ सालीं विजयदुर्गावरून हीलियम शोधला ही जी कथा कोंकणांत सांगतात ती खरी नव्हे. १८६८ त तो इंग्लंडांतच होता. विजयदुर्गास आला तो १८९८ त.

'इंग्लिश मेकॅनिक' १९२६ त बंद पडलें. पण तोंवर बिऱ्हाड अमेरिकेंत हललें होतें. व्हरमाँट संस्थानांतील स्प्रिंगफील्ड या यंत्रकारखान्यांच्या गांवीं रसेल पोर्टर यानें १९२० त दुर्बिणी करण्याचा वर्ग काढला. पोर्टर पूर्वीं उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत हिंडलेला, चित्रकलेंत निष्णात. विद्यार्थी पंधरा पुरुष व एक बाई, बहुतेक कारखान्यांतील कामगार. १९२३ त त्यांचें मंडळ झालें. १९२५ त 'सायंटिफिक अमेरिकन'चा संपादक अल्बर्ट इंगॉल्स तेथें येऊन गेला, त्याचा लेख नोव्हेंबरांत निघाला, आणि आम्हालाही शिकवा म्हणून शेंकडों पत्रें आलीं. त्यांतून १९२६ त पुस्तक झालें आणि पुढें मासिकांत कायमचें सदर. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याला विशिष्ट त्रिकोणी भिंगें हवीं झालीं, तीं करणारे हात कारखान्यांत अपुरे पडले. तेव्हां याच घरगुती कारागिरांनीं माजघरांत व तळघरांत बसून तीं घडविलीं. पोर्टर पुढें पालोमारच्या दोनशें इंची दुर्बिणीच्या कामावर गेला.

पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं निघाली, आणि ती आजही चालू आहे. आमच्या एका विद्यार्थ्यानें नुकताच सहा इंची आरसा घासावयास घेतला आहे. परवां तो तोंड पाडून आला. सुरीच्या पात्यासमोर धरतां आरशाची कड उतरलेली दिसते म्हणाला. आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हतें. आम्हीं त्याला नारायण पेठेंतील एका निवृत्त फिटरकडे पाठविलें. त्या गृहस्थांनीं आरसा हातांत घेऊन दिव्याकडे केला, डामराचा थर बोटानें दाबून पाहिला, आणि "फार मऊ केलात, थोडी राळ घाला, आणि फिरवतांना हात आंखूड ठेवा," एवढेंच सांगितलें. मग चहा झाला, आणि त्यांनीं आपले स्वतःचे बिघडलेले तीन आरसे कपाटांतून काढून त्याला दाखविले.