डीजेच्या आधी आपल्याकडे गायन पार्टी होती

14 एप्रिल जवळ आला की राजगुरुनगरपासून चाकण, मोशी, भोसरीपर्यंत प्रत्येक वस्तीत एकच चर्चा सुरू होते. यंदा डीजे कुणाचा? किती टॉप, किती बेस, लाइट कुठली? कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून राबणारी पोरं एकेक दिवसाचा पगार वर्गणीत टाकतात आणि तो सगळा पैसा एका रात्रीत धुरासारखा उडतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात हाच प्रश्न वेगळा होता. ते विचारायचे, यंदा पार्टी कुणाची? आज वीस वर्षांच्या पोराला 'गायन पार्टी' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. म्हणून हा लेख.

सुरुवात जलशापासून करावी लागते. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या विचारातून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. भटशाहीची लूट, सावकारी, देवभोळेपणा हे सगळं गावच्या पारावर गाण्यातून आणि सोंगांतून मांडलं जाऊ लागलं. आंबेडकरी जलसा हा त्याच घरातला. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढलं, 1927 साली 'बहिष्कृत भारत', 1930 साली 'जनता'. पण ज्यांच्यासाठी ही पत्रं निघत होती त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत अग्रलेख पोचवणार कोण? जलशाने ते काम अंगावर घेतलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार, येवल्याची धर्मांतराची घोषणा, हे सगळं आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचलेलं नाही. त्यांनी ते ऐकलेलं आहे.

आमच्या भागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगरच्या पुढे नारायणगाव लागतं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तमाशात राबणारे हात आणि गळे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजाचे. ढोलकी आपली, आवाज आपला, नाचणारी लेक आपली आणि पुढच्या रांगेत बसून शिट्टी मारणारा गावचा पाटील. महाड सत्याग्रहाच्या निधीसाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारलं, ही हकीकत चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. पैशाची चणचण असताना घेतलेला हा निर्णय आहे हे विसरू नका.

जलसेकऱ्यांनी तो निर्णय कलेत उतरवला. ढोलकी, डफ, तुणतुणं, झीलकरी, वग, बतावणी ही हत्यारं तमाशाचीच ठेवली, पण गवळणीतला कृष्ण काढून टाकला आणि शृंगाराला रजा दिली. स्त्रीपात्रंही पुरुषच करत. (हीसुद्धा त्या जलशाची एक मर्यादाच होती, आणि ती मर्यादा म्हणूनच नोंदवायला हवी.) नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे या परंपरेतलं मोठं नाव. मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका, येसकरकीची भाकर मागू नका, पोरगं शाळेत घाला, हे त्यांच्या जलशाचे विषय. हे ऐकून एखाद्या वाड्याने खरोखर ढोर ओढायचं थांबवलं की गावगाड्याचं चाक अडायचं, आणि मग बहिष्कार ठरलेला. जलसा हा करमणुकीचा कार्यक्रम नव्हता हे गावच्या पाटलाला आपल्या आधी कळलं होतं. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो असं बाबासाहेब म्हणाल्याची आठवण जुने कार्यकर्ते सांगत. कर्डकांनी पुढे या सगळ्यावर 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं, म्हणून एवढं तरी आपल्या हाती आहे.

याच पुणे-नाशिक रस्त्यावरच्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे वामनदादा कर्डकांचं गाव. जन्म 15 ऑगस्ट 1922. मोठेपणी मुंबईत कष्टाची कामं करताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षरं शिकले, 1943 साली पहिलं गीत लिहिलं आणि पुढे हजारो गीतं रचली. वामनदादा खांद्याला पिशवी लावून गावोगाव फिरले. बिदागी मिळाली तर मिळाली, नाही तर एसटीचं भाडं. त्यांची गाणी दुसऱ्यांनी गायली, रेकॉर्डवाल्यांनी विकली, आणि अनेकदा गीतकाराचं नावसुद्धा लावलं नाही. प्रस्थापित साहित्याने तर त्यांना फार उशिरापर्यंत कवी म्हणायलाच नकार दिला. गीतकार, शाहीर, लोककवी, काय वाट्टेल ते म्हणतील. कवी म्हणणार नाहीत!

1956 च्या धम्मदीक्षेनंतर जलसा मागे पडला आणि गायन पार्टी आली. पेटी, ढोलक, बेंजो, दोन कोरसवाले आणि मुख्य गायक. कव्वालीचा बाज आला, सामने आले. एका स्टेजवर दोन पार्ट्या, रात्रभर सवाल-जवाब. या सामन्यांचं मोल आम्हाला फार वाटतं, कारण सवालाला जवाब द्यायचा तर गायकाला बाबासाहेबांचं चरित्र, बुद्धाचा धम्म, ताज्या घडामोडी तोंडपाठ असाव्या लागत. चुकला तर समोरचा श्रोताच टोकायचा. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर या सगळ्यांच्या मागे अशा जागवलेल्या रात्री आहेत. मग कॅसेट आली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तिने घराघरात नेला, पण बाजाराने त्यांच्याकडून विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी भरपूर गाऊन घेतली. आज ज्या घरांत ती गाणी सकाळी लागतात, त्यातल्या किती जणांना हा गळा कुठल्या वस्तीतून आला ते ठाऊक आहे? 2004 साली मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये विठ्ठल उमप नागपूरला कार्यक्रमातच कोसळले.

आता थोडं लांब जाऊ. आयर्लंड आपल्याला माहीत आहे ते राज्यघटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे, ती कल्पना तिथल्या घटनेवरून आली. त्याच आयर्लंडमध्ये 1950 च्या दशकाअखेरपासून 'शोबँड' नावाचा प्रकार गाजत होता. सात-आठ वादक, एक गाडी, गावोगावचे नाचाचे हॉल. आपल्या पार्टीसारखंच फिरतं आयुष्य. त्यातला मायामी शोबँड अतिशय लोकप्रिय. बँडमध्ये कॅथलिक होते आणि प्रोटेस्टंटही, ऐकणारेही दोन्हीकडचे. 31 जुलै 1975 च्या पहाटे उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून ते डब्लिनला परतत असताना लष्करी गणवेशातल्या लोकांनी खोटी नाकाबंदी करून गाडी अडवली. ते युव्हीएफ या सशस्त्र संघटनेचे लोक होते आणि त्यांतले काही प्रत्यक्ष लष्करी रेजिमेंटचे शिपाई. वादकांना रस्त्याकडेला उभं केलं आणि गाडीत गुपचूप बॉम्ब ठेवायला घेतला. तो ठेवतानाच फुटला आणि ठेवणारे दोघे मेले. मग उरलेल्यांनी गोळ्या झाडून तीन वादकांना ठार केलं. बॉम्ब ठरल्याप्रमाणे पुढे जाऊन फुटला असता तर जगाला काय दिसलं असतं? गाणारी पोरं गाडीतून बॉम्ब नेत होती. मेलेल्यांनाच दहशतवादी ठरवण्याचा तो डाव होता. वाचलेल्यांना आणि कुटुंबांना सुमारे 15 लाख पौंडांची भरपाई मिळायला 2021 चा डिसेंबर उजाडला.

हे वाचून आपल्याला पुण्यातल्या कबीर कला मंचाची आठवण येणार नाही तर कुणाची येईल? 2002 च्या गुजरात दंगलीनंतर उभं राहिलेलं हे पोरांचं पथक. डफ आणि गाणं एवढंच साहित्य. 2011 पासून त्यांच्यावर नक्षलवादाचा शिक्का बसला, यूएपीए लागला. शीतल साठे आणि सचिन माळी 2 एप्रिल 2013 रोजी विधानभवनासमोर सत्याग्रह म्हणून हजर झाले. सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना जामीन मिळाला तो 2017 च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयातून. मग एल्गार परिषदेच्या प्रकरणात 2020 साली सागर, रमेश आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. आयर्लंडमध्ये गाडीत बॉम्ब ठेवावा लागला. इथे एक कलम पुरलं. दोन्ही घटना एकसारख्या आहेत असं आमचं म्हणणं नाही. गाणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची गरज कुणाला पडते, एवढंच आम्ही विचारतोय. रमाबाई नगरात 11 जुलै 1997 च्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. 2015 साली शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला, आणि फिर्यादीत कारण होतं मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. शब्द ऐकू येतात तिथेच त्यांचा राग उसळतो.

डीजेचं दुखणं नेमकं इथे आहे. आवाजाच्या मर्यादेची आठवण काही लोकांना फक्त 14 एप्रिललाच होते, त्यांच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही. पण डीजेत गाण्याचा शब्दच ऐकू येत नाही हे आपण आपसात तरी कबूल करू. मुखडा कापून त्याखाली ठोका लावला की वामनदादांचं गीत आणि कुठलंही आयटम साँग यांत फरक उरत नाही. जिवंत आवाज लोकांना नको झालाय असंही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात नुसती एकतारी घेऊन गातात आणि लाखो लोक मोबाईलवर थांबून ऐकतात.

आमचा आग्रह वर्गणीच्या बैठकीपुरता आहे. मिरवणूक काढा, पण एक रात्र पार्टीला द्या, बिदागी आधी ठरवा आणि हातात द्या, आणि पत्रकावर गीतकाराचं नाव छापा. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात स्वतः बुद्धमूर्ती बसवली. ते ठिकाण आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे सामना ठेवला तर चाकणची दुसरी शिफ्ट सुटलेली पोरंही पोचतील. दुसरं काम जास्त घाईचं आहे. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळात पार्टीत गायलेले म्हातारे अजून हयात आहेत. त्यांच्या ट्रंकेत हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या वह्या आहेत, काहींत गाण्याखाली तारीख आणि कार्यक्रमाच्या गावाचं नाव आहे. घर बदलताना, पत्र्याचं छप्पर गळताना या वह्या रद्दीत जातात. आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.