प्लेगने दाबलेली हाक

आजची गोष्ट सुरू होते नाशिकजवळच्या भगूरमध्ये. साल १८९९. गावात प्लेग शिरला होता. त्यातच दामोदरपंत सावरकर गेले. आई आधीच गेलेली, त्यामुळे पोरं पोरकी झाली. अशी किती घरं तेव्हा रिकामी झाली!

आता प्रश्न असा, की रक्तात पांढऱ्या पेशींची एवढी फौज असताना प्लेगचा जंतू आत पसरतो कसा?

या पेशी परक्या वस्तूकडे सरकत जातात आणि तिला गिळतात, हे १८८२ च्या सुमारास इल्या मेचनिकॉफ यांनी दाखवलं. ओडेसातला त्यांचा विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मेलेले जंतू टोचायचे, म्हणजे शरीराला शत्रूची ओळख आधीच होते. पण या पेशींना धावत बोलावतं कोण, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

उत्तर सापडलं चरबीत! पेशीच्या पातळ आवरणात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं स्निग्धाम्ल असतं. धोका जाणवला की पेशी ते सुटं करते आणि त्यातून ल्युकोट्राईन बी-४ बनवते. १९७९ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी या कुळाला ‘ल्युकोट्राईन’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी कळलं, की बी-४ पांढऱ्या पेशींना आपल्याकडे खेचतं. जी पेशी येते ती स्वतःही बी-४ सोडते, मग आणखी पेशी येतात. गावात एकाने आरोळी ठोकावी, दुसऱ्याने ती पुढे द्यावी, अगदी तसं.

आणि प्लेगचा जंतू नेमकी हीच आरोळी दाबतो. सुईसारख्या यंत्रणेतून तो पेशीत स्वतःची प्रथिनं टोचतो आणि बी-४ बनणंच थांबवतो. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या संशोधकांनी हे २०२४ मध्ये मांडलं. म्हणजे फौज जागेवरच असते, पण तिला हाकच पोचत नाही. तोवर जंतू वाढत जातो.

आज प्लेगवर अँटिबायोटिक्स आहेत, पण ती लवकर मिळाली तरच जीव वाचतो. भगूरच्या त्या घरांकडे मात्र तेव्हा ना औषध होतं, ना वेळ.

भेटूया पुढच्या भागात!