हुकुमाचे पान आणि पुराव्याचे ओझे

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या पारावर मेंढीकोटाचा डाव रंगात आला, की एक क्षण हमखास येतो. चार-पाच पाने उरलेली असतात, दोन मेंढ्या आधीच पडून गेलेल्या असतात, आणि उतारी ज्याच्याकडे आहे तो हातातली पाने उताणी टाकून म्हणतो, ‘बाकीचे सगळे हात माझे.’ समोरचे दोघे पानांवर नजर फिरवतात, मान हलवतात, आणि पिसायला सुरुवात होते. खेळलेच गेले नाहीत असे चार हात सगळ्यांच्या संमतीने खेळल्यासारखे धरले जातात. वेळ वाचवण्याची ही साधी सवय आहे असे वाटते. मला मात्र ती खेळाच्या नियमांमधली एक फार जुनी आणि फार विचारपूर्वक केलेली तरतूद वाटते. एकाच गोष्टीची आवर्तने गाळून पुढे जाण्याची मुभा ज्या ज्या खेळाने दिली, त्या त्या खेळाने ती गाळणाऱ्यावर सिद्ध करण्याचे ओझेही टाकले. पत्त्यांच्या इतिहासात नियम बदलत गेले, पण ते ओझे कधी दुसऱ्याच्या खांद्यावर गेले नाही.

याचा सर्वात जुना पुरावा आपल्या बोलण्यातच आहे. ‘हुकूम’ म्हटले की आज आपल्याला बाकी रंगांवर मात करणारा रंग आठवतो. मेंढीकोटात तो कधी बंद ठेवतात, तर कधी एखाद्याकडे उतारीचा रंग नसला की तो जे पान टाकेल त्यावरून ठरवतात. गंजिफा या गोल पानांच्या जुन्या खेळात मात्र हुकमाचा रंग असा नसतोच. तिथे हुकूम म्हणजे एखाद्या रंगात न पडलेल्या पानांपैकी सर्वात वरचे पान. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याच काळात इकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात शाह ताहिर या इराणी विद्वानाचे वजन वाढत होते. फारसीचे वारे दोन्हीकडे सारखेच वाहत होते. मोगली गंजिफ्यातल्या आठ रंगांपैकी एकाचे नाव ‘बरात’, म्हणजे पैसे देण्याचा लेखी आदेश. मराठी दप्तरांत पानोपानी भेटणारी ‘वरात’ ती हीच. दरबार, हिशेब आणि खेळ यांची भाषा एक होती, म्हणून ‘हुकूम’ हा शब्दही त्याच्या मूळच्या जरबेने वाचायला हवा. ते पान आज्ञा करते, कारण त्याच्यावर आता कोणी उरलेले नाही.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात हे जवळून पाहता येते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० गोल पाने. तिघांत वाटली की प्रत्येकी ४०. दिवसा रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. ज्याच्याकडे तो राजा असेल तो एका हलक्या पानासह राजा उतरवतो, आणि बाकीचे दोघे प्रत्येकी दोन पाने टाकतात. उतारीच्या रंगाचेच पान द्यायचे बंधन नाही, त्यामुळे प्रत्येक जण हातातली निकामी पाने देऊन मोकळा होतो. पुढे ज्याची उतारी त्याच्या हाती सलग हुकूम असतील तर ते एकदम उतरवायचे. बाकीचे तेवढीच पाने टाकतात, आणि पाच-सहा हात एका दमात मिटतात. हा गाळण्याचाच नियम आहे. पण त्याची किंमत पाहा. परशुरामाचा राजा पडला, प्रधान पडला, मग त्या रंगातले कुठले पान वर आले हे कोणी सांगत नाही. १२० पानांतली कुठली गेली हे स्मरणात ठेवणाऱ्यालाच आपल्या हातातले क्षुल्लक दिसणारे पान हुकूम झाल्याचे कळते. सवलत मिळते ती लक्ष ठेवणाऱ्याला. पाने टेबलावर येतात, सगळ्यांना दिसतात, आणि दावा तिथल्या तिथे तपासला जातो.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. हा सगळा वेळेचा प्रश्न आहे, त्यात पुराव्याचे तत्त्व कशाला शोधायचे? पण नुसता वेळच वाचवायचा असता तर चुकीच्या दाव्याला शिक्षा लागली नसती. ब्रिजचे कायदे वाचले की हे स्वच्छ दिसते. कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने आकाराला आणला. त्यात उरलेल्या हातांवर दावा सांगणाऱ्याने आपण पाने कोणत्या क्रमाने खेळणार हे त्याच वेळी बोलून दाखवावे लागते. प्रतिस्पर्ध्याकडे हुकमाच्या रंगाचे एखादे पान शिल्लक आहे आणि दावेदाराने त्याचा उल्लेखच केला नाही, तर विसरण्याने हात जाऊ शकत असेल तिथे तो हात प्रतिस्पर्ध्याला मिळतो. ज्या बाबतीत शंका उरते तिचा निकाल दावेदाराच्या विरुद्ध लागतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम १०१ वेगळे काय सांगत होते? जो वस्तुस्थिती मांडतो त्यानेच ती सिद्ध करायची. आपल्याकडे ब्रिजला वकिलांच्या क्लबांत आसरा मिळाला, यात मला नवल वाटत नाही. १९४२ साली नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झालेले वल्लभभाई पटेल बॅरिस्टरीच्या दिवसांत अहमदाबादच्या गुजरात क्लबात ब्रिजच्या टेबलावर असत. उलटतपासणी करणाऱ्या माणसाला या खेळातली शिस्त ओळखीची वाटली असणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गंजिफा काय, ब्रिज काय, पाने मोजकी असतात आणि डाव कधीतरी संपतोच. जिथे तेच आवर्तन न संपता फिरत राहते तिथे हे तत्त्व टिकेल का? ही कसोटी १९९३ साली रिचर्ड गारफील्डच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाने आणली. यात प्रत्येक खेळाडू आपला गठ्ठा स्वतः जमवतो आणि पानांवरचा मजकूर एकमेकांना चालना देतो. ‘सँग्विन बॉन्ड’ हे पान म्हणते, तुमचे आयुष्य वाढले की तेवढेच प्रतिस्पर्ध्याचे घटेल. ‘एक्झक्विझिट ब्लड’ म्हणते, प्रतिस्पर्ध्याचे घटले की तेवढेच तुमचे वाढेल. दोन्ही एकत्र आली आणि एक गुण वाढला, की रहाट सुरू होतो. समोरच्याचे वीस गुण असतील तर वीस फेऱ्या. त्या कोणी मोजत बसत नाही. पण ज्या चक्राला आपसूक शेवट नाही ते फिरवणाऱ्याने नेमका आकडा सांगायचा असतो. ‘दहा लाख वेळा’ चालेल, ‘अनंत वेळा’ चालणार नाही. ‘अमुक झाले तर तमुक करीन’ अशी अट घालता येत नाही. सांगितलेल्या क्रमात मध्येच थांबवून वेगळी खेळी करण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याला राहतो. ज्या चक्रात पाने पिसण्याचा योगायोग आहे, जिथे अमुक फेरीनंतर काय असेल हे आधी सांगता येत नाही, तिथे गाळण्याची मुभाच नाही. कधी ना कधी हवी ती पाने येतीलच, हे गणिताने खरे असले तरी पुरत नाही. आणि चक्र सक्तीचे असेल, कोणालाच ते तोडता येत नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे आवर्तने अंतहीन झाली तेव्हा दावेदाराचे ओझे हलके झाले नाही, उलट वाढले. गंजिफ्यात स्मरण पुरत होते, ब्रिजमध्ये निवेदन लागले, इथे निवेदनासोबत आकडाही लागला.

अशी कलमे वाढली म्हणजे खेळणाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास आटला, असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. पारावरच्या चौघांना कलम लागत नाही, कारण ते रोज भेटतात आणि खोटा दावा करणाऱ्याची आठवण गाव ठेवते. स्पर्धेत समोर बसलेला माणूस अनोळखी असतो. त्याच्याशी पहिल्याच डावात विश्वासाने खेळता यावे म्हणून नियम लिहावा लागतो. आणि लिहिलेला नियमही जुन्या वाटेला परत येतो. ब्रिजमध्ये दावा केला की खेळ थांबे आणि वाद पंचाकडे जाई. २०१७ च्या कायद्यांनी त्यात एक पर्याय घातला. दावा न करणाऱ्यांपैकी कोणी विनंती केली आणि चौघेही राजी असले, तर उरलेली पाने खेळून पाहता येतात. पारावर कोणी ‘दाखव’ म्हटले की पाने एकेक करून खाली येतात, ते हेच.