विकासपूर्व पुरातत्त्वीय मूल्यमापन आणि अँग्लो-सॅक्सन वसाहतींचा पुरावा : एसेक्समधील दोन स्थळांच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंग्लंडमध्ये घरे, रस्ते किंवा खडीची खाण यांसाठी जमीन खणण्यापूर्वी तिच्या पोटात इतिहासाचा कोणता पुरावा दडला आहे, याची चाचपणी केली जाते. तिलाच पुरातत्त्वीय मूल्यमापन असे म्हणतात. पाचव्या ते सातव्या शतकांतील अँग्लो-सॅक्सन खेड्यांविषयी लिखित साधने अत्यंत तोकडी असल्याने मातीतील पुरावा हाच इतिहासकाराचा मुख्य आधार ठरतो. त्यामुळे 'काहीही आढळले नाही' हा मूल्यमापनाचा निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात एसेक्स परगण्यातील मकिंग व प्रिटलवेल या स्थळांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

मकिंग : मूल्यमापनपूर्व काळ
थेम्स नदीच्या उत्तरेस असलेल्या मकिंग येथे खडीची खाण पुढे सरकत होती आणि तिच्यापुढे राहून उत्खनन करावे लागत होते. मार्गारेट जोन्स यांच्या नेतृत्वाखाली १९६५ ते १९७८ या काळात सुमारे १८ हेक्टर क्षेत्र उघडण्यात आले. त्यात खोलगट तळाच्या २०० हून अधिक झोपड्या, लाकडी खांबांवर उभारलेली ५० हून अधिक घरे आणि दोन दफनभूमी आढळल्या. मात्र वसाहतीचा सविस्तर अहवाल हेलेना हॅमरो यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. नोंद घाईची आणि अभ्यास दीर्घकाळ लांबलेला, असे या पद्धतीचे स्वरूप होते.

नियोजनातील बदल :
नोव्हेंबर १९९० मध्ये इंग्लंडमध्ये 'नियोजन धोरण मार्गदर्शिका १६' लागू झाली. तिने पुरातत्त्वीय अवशेष हा नियोजन परवानगीच्या निर्णयातील विचारणीय घटक ठरविला आणि चाचपणीचा भार व्यवहारतः विकासकावर टाकला. २०१० साली ही मार्गदर्शिका मागे पडली. तथापि तिचे मूलतत्त्व २०१२ च्या राष्ट्रीय नियोजन धोरण आराखड्यातही टिकून राहिले. प्रथम जुन्या नोंदी, नकाशे व हवाई छायाचित्रे यांचा अभ्यास, नंतर आवश्यकतेनुसार भूभौतिक सर्वेक्षण आणि शेवटी चाचणी चर, असा मूल्यमापनाचा सर्वसाधारण क्रम असतो.

प्रिटलवेल : जुन्या नोंदींचे महत्त्व
साउथएंड-ऑन-सी येथील प्रिटलवेल परिसरात १९२० च्या दशकात रस्ता बांधताना अँग्लो-सॅक्सन दफने सापडली होती. त्यामुळे तेथील रस्ता रुंद करण्याची योजना पुढे येताच मूल्यमापन हाती घेण्यात आले. २००३ साली सुमारे चार मीटर लांबी-रुंदीची, लाकडी अस्तराची दफनकोठडी उजेडात आली. तिच्या भिंतींवरील आकड्यांना भांडी अद्याप लटकलेली होती. सोन्याच्या पत्र्याचे दोन क्रूसही मिळाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे दफन सहाव्या शतकाच्या अखेरचे आहे. रस्ता रुंदीकरणाची योजना २००९ साली सोडून देण्यात आली. येथे चर कोठे खणावेत हे सुचविणारी जुनी नोंद हाताशी होती, ही बाब विसरता येत नाही.

नकारात्मक निष्कर्षाची मर्यादा :
जेथे अशी नोंद नसते, तेथे नमुना-पद्धतीवरच विसंबावे लागते. बहुधा एकूण क्षेत्राच्या दोन ते पाच टक्के भागावर चर घेतले जातात. रोमनकालीन शेतांचे लांबलचक खंदक व पक्की भाजलेली खापरे अशा चरांत सहज सापडतात. याउलट अँग्लो-सॅक्सन झोपडीचा खळगा साधारणतः चार मीटर लांब व तीन मीटर रुंद असतो, खांबांच्या खळग्यांच्या खुणा पुसट असतात आणि हाताने घडविलेली कच्ची भाजलेली खापरे भुगा होऊन जातात. गिल हे व मार्क लेसी यांच्या २००१ च्या अभ्यासातही रोमन अवशेषांच्या तुलनेत अँग्लो-सॅक्सन अवशेष चाचणी चरांत कमी प्रमाणात हाती लागतात, असे दिसून आले.

मकिंगच्या आकड्यांवरून याचे स्थूल गणित मांडता येते. तेथे दर हेक्टरी सरासरी ११ झोपड्या होत्या. दोन टक्के नमुन्यासाठी एका हेक्टरात ३० मीटर लांब व दोन मीटर रुंद असे तीन-चार चर पुरतात. या झोपड्या व हे चर कसेही विखुरलेले आहेत असे मानल्यास, एकाही झोपडीला चर न लागण्याची शक्यता जवळजवळ निम्मी राहते. म्हणजे मकिंगसारखे समृद्ध स्थळही एखाद्या हेक्टरापुरते 'रिक्त' ठरू शकले असते.

समारोप :
मकिंगच्या तुलनेत आजची व्यवस्था निश्चितच प्रगत आहे. कारण आता प्रश्न यंत्र येण्यापूर्वी विचारला जातो. परंतु अँग्लो-सॅक्सन स्थळांच्या परिसरात अल्प नमुन्यावर आधारलेला नकारात्मक निष्कर्ष हा 'पुराव्याचा अभाव' असतो, 'अभावाचा पुरावा' नव्हे. म्हणून अशा ठिकाणी चरांचे प्रमाण वाढविणे आणि बांधकामाच्या वेळी मातीवर लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते. दस्तऐवज पुन्हा वाचता येतो. खणून टाकलेली जमीन पुन्हा वाचता येत नाही.