नीरेचा कालवा आणि खोल गेलेले बोअर

बारामती-इंदापूरच्या भूजलाचा इतिहास पाणी आटण्यापासून नव्हे, तर पाणी वर येण्यापासून सुरू होतो. #थ्रेड

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा काढला. १८८० च्या दशकात तो वाहू लागला. काठावर ऊस आला, सासवडचे माळी येथे येऊन जमिनी खंडाने करू लागले, गुऱ्हाळे पेटली. झिरपलेल्या पाण्याने विहिरी तुडुंब भरल्या. इतक्या, की काळ्या रानांवर मीठ फुटले. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील याच खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला.

ही सुबत्ता मात्र कालव्याच्या पट्ट्यापुरती होती. सुपे-मोरगावकडचा भाग जिरायतच राहिला. तेथे आधार विहिरीचा, आणि मोटेच्या काळात उपशाला बैलांच्या दमाची मर्यादा असे. वीजपंपाने ती संपवली.

१९७२ च्या दुष्काळानंतर पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरी गावोगावी पोहोचल्या. तहान भागवायला आलेले हे यंत्र पुढे ऊस, द्राक्षे आणि डाळिंबांच्या मागे लागले.

येथे दख्खनच्या खडकाचा स्वभाव ध्यानात घ्यावा. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात साठते. खालच्या काळ्या पाषाणात फक्त भेगा. त्यामुळे खोल बोअर बहुधा नवा साठा शोधत नाही, शेजारच्या उथळ विहिरीचेच पाणी खाली ओढतो. ज्याला पुन्हा पुन्हा बोअर मारणे परवडते, तो बागायतदार राहतो. ज्याची विहीर कोरडी पडते, तो कर्ज काढून पाणाड्याला बोलावतो. बोअर कोरडा गेला तर खड्डा उरतो आणि हप्ता उरतो. मग त्याच शिवारात दुसऱ्याच्या बांधावर मजुरी.

कायद्याने हे दीर्घकाळ चालू दिले. १८८२ च्या ईझमेंट कायद्यानुसार जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. कालव्याच्या पाण्याला पट्टी, विहिरीच्या पाण्याला फक्त विजेचे बिल! महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोताच्या ५०० मीटर परिसरात नव्या विहिरींवर बंधन आणले, म्हणजे गावाची तहान राखली. शेतकऱ्या-शेतकऱ्यांतील स्पर्धा तशीच राहिली. शेतीच्या नव्या विहिरींना ६० मीटर खोलीची मर्यादा आली ती २००९ च्या अधिनियमाने. तोवर बोअरची शर्यत तीन-चार दशके जुनी झाली होती, आणि उथळ विहिरींचे मालक ती केव्हाच हरले होते.