मातृभाषेचा रकाना

उल्हासनगरमधल्या मुलाला पत्ता विचारला तर तो ‘कॅम्प नंबर दोन’ असं सांगतो. बऱ्याचदा पत्त्यात बराकीचा नंबरही असतो. प्रत्यक्षात तिथे गेलं, तर बराकीच्या जागी मजल्यावर मजले चढवलेली इमारत उभी असते. लष्कर जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, पण पत्त्यातला कॅम्प काही गेला नाही. ‘मी कुठला?’ या प्रश्नाचं उत्तर माणसाला कुठून मिळतं, हे समजून घ्यायला ही वस्ती चांगलं उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. मग १९४७ची फाळणी आली. पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे दोन-दोन भाग झाले. सिंध मात्र अख्खाच पाकिस्तानात गेला. हा फरक आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. लाहोर सोडलेल्या माणसाला अमृतसरमध्ये निदान स्वतःच्या भाषेचा मुलूख सापडला. सिंधी हिंदूंना तसा मुलूखच उरला नाही. जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल झाली आणि जहाजं भरभरून माणसं मुंबईकडे येऊ लागली. (१९३६ सालापर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, हे आता कुणाच्या लक्षातही नसतं.) त्यांच्यातल्या हजारो कुटुंबांची सोय कल्याणच्या या बराकींत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या नगराची कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं.

घर, जमीन, दुकान मागे राहिलं. बरोबर आलं ते आडनाव. आपल्याकडची कितीतरी आडनावं ‘कर’ जोडून, गावावरून होतात. नागपूरकर म्हटलं की त्या घराण्याचं गाव कळतं. सिंधी आडनावांतला ‘आणी’ मात्र गाव सांगत नाही, पूर्वज सांगतो. मूलचंदाणी म्हणजे मूलचंद नावाच्या पूर्वजाचे वंशज. गाव नकाशाच्या पलीकडे गेलं तरी असं आडनाव पोकळ होत नाही. अर्थात हा काही कुणी दूरदृष्टीनं केलेला बेत नव्हता, पण उपयोगी पडला खरा.

नाव आपण घरातून आणतो. त्या नावाचा अर्थ काय, हे मात्र पुष्कळदा शेजारी ठरवतात. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ साली यासाठी आरशाची उपमा वापरली. समोरच्याला आपण कसे दिसत असू, तो त्यावरून आपल्याबद्दल काय मत बनवत असेल, याचा अंदाज आपण बांधत असतो. त्या अंदाजातून आपल्याला अभिमान वाटतो किंवा शरम, आणि त्यातूनच ‘मी’ घडतो. कॅम्पमधल्या मुलांना पहिला आरसा मिळाला तो ‘निर्वासित’ या शब्दाचा. फाळणीनंतर आलेल्या कित्येकांना ‘शरणार्थी’ हा शब्द टोचत असे. आम्ही ‘पुरुषार्थी’ आहोत, असं ते सांगत. शब्द बदलून आरसाच बदलायचा हा प्रयत्न होता. पुढे उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ छापतात आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रभर झाला. आपण हसलो. वर्गात बसलेल्या सिंधी मुलानं त्या हसण्यातून स्वतःबद्दल काय शिकायचं, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडला.

आरसा बदलला की ‘मी’ कसा बदलतो, याचा पुरावा गुजरातमध्ये मिळतो. तिथल्या सिंधी हिंदूंवर रीटा कोठारी यांचं ‘द बर्डन ऑफ रेफ्यूज’ हे पुस्तक २००७ साली प्रसिद्ध झालं. मासे-मटण खाणाऱ्या, सूफी पिरांना मानणाऱ्या या लोकांकडे शाकाहारी शेजारी संशयानं पाहत. पुढच्या पिढीनं मग खाणं बदललं, बोलणं बदललं, सिंधीपण झाकायला सुरुवात केली. उल्हासनगरमध्ये गल्लीच सिंधी असल्यामुळे झाकायची गरज कमी होती. तरी भाषा हळूहळू मागे पडली ती इथेही.

ती कशी मागे पडते, हे कानाशी जोडलेलं आहे. आपला ‘ब’ म्हणताना हवा बाहेर पडते. सिंधीत याशिवाय आणखी एक ‘ब’ आहे. तो म्हणताना ओठ मिटलेले असतानाच स्वरयंत्र खाली ओढलं जातं आणि ओठ उघडताना किंचित हवा आत येते. देवनागरीत तो खाली रेघ देऊन ‘ॿ’ असा लिहितात. ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझं! असेच आणखी तीन वर्ण आहेत : ॻ, ॼ आणि ॾ. मराठी कानाला दोन्ही ‘ब’ सारखेच वाटतात. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी दाखवलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्यातला फरक ऐकू येतो. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो कळतो. म्हणजे बाळ बोलू लागण्याआधीच घरानं त्याच्या कानाची निवड सुरू केलेली असते. घरात हिंदी-इंग्रजी सुरू झाली, की ‘ॿ’ नातवाच्या कानावर फारसा पडतच नाही. भाषा सोडायचं असं कुणी ठरवलेलं नसतं.

लिपीचीही ओढाताण झाली. १८५३मध्ये इंग्रजांनी सिंधीसाठी ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरवून दिली होती. भारतात आल्यावर देवनागरी हवी की जुनीच, यावर मोठा वाद झाला. शेवटी सरकारनं दोन्ही लिपी मान्य केल्या. १९६७च्या २१व्या घटनादुरुस्तीनं सिंधी आठव्या परिशिष्टात आली. पण अरबी लिपी न शिकलेल्या नातवाला आजोबांची जुनी पत्रं वाचता येत नाहीत.

शाळेच्या दाखल्यावर ‘मातृभाषा’ असा रकाना असतो आणि तो आपण अर्ध्या मिनिटात भरतो. वर्गात एकदा त्यावर थोडा वेळ द्या. आईशी कोणत्या भाषेत बोलता, आजीशी कोणत्या, भांडताना कोणत्या, आकडेमोड करताना कोणत्या, हे मुलांना लिहायला सांगा. कोळी, आगरी, भोजपुरी, तमिळ घरांतल्या मुलांचीही उत्तरं पाहा. आणि एखादी सिंधी आजी शाळेत आलीच, तर तिला ‘ॿारु’ म्हणायला सांगा. नातवाला तिच्या शेजारी उभं करा आणि त्यालाही म्हणू द्या.